फायबरच्या आतली चौकट आणि आरसीवरचे नाव

प्रश्न : मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर म्हणून नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि गुहागरला गावच्या घरी राहायला आलो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरुणपणी परदेशी बंदरांत पाहिलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे वेड अजून गेलेले नाही. अस्सल गाडी परवडणारी नाही, म्हणून प्रतिकृती घेण्याचा विचार आहे. वीस लाखांपर्यंत तयारी आहे. तीन गाड्या समोर आल्या आहेत. पहिली गोव्याची, १९६८ च्या फोक्सवॅगन बीटलवर बांधलेली पोर्शे ३५६ स्पीडस्टर. तिला व्हिंटेजचा नंबर मिळेल असे विक्रेता म्हणतो. दुसरी अलिबागला बनलेली, लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर, म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, सध्या दुसऱ्या मालकाकडे आहे. तिसरी कोब्रा, जी एका शहरातील गॅरेज जुन्या एसयूव्हीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या चौकटीवर, तिच्याच डिझेल इंजिनासह बांधून देणार आहे. पुतण्या म्हणतो की परदेशात अशा गाड्यांचे भाव वाढतच आहेत, सौ. म्हणते, पैसे बँकेत ठेवा. दर्जा आणि गुंतवणूक या दोन्ही दृष्टींनी कोणती घ्यावी? — गुहागर येथील एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नातला गुंतवणुकीचा भाग आधी हातावेगळा करतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. गुंतवणुकीपुरते वहिनींचे म्हणणे ग्राह्य धरावे. या तिन्हींपैकी एकही गाडी बँकेतल्या ठेवीची बरोबरी करील अशा अपेक्षेने घेऊ नये. निवड नीट झाली तर घातलेल्या पैशांपैकी बराचसा भाग पाच-सात वर्षांनी परत मिळू शकेल; चुकली तर इंजिन आणि चाके यांची जी काही किंमत येईल तेवढीच हाती लागेल. या दोन टोकांमधले अंतर मोठे आहे, आणि ते कशामुळे पडते हे समजले की दर्जाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते.

पुतण्याने ऐकले ते खोटे नाही, फक्त ते वेगळ्या गाड्यांविषयी आहे. कॅरॉल शेल्बी यांनी १९६२ साली इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून जी पहिली कोब्रा उभी केली, ती सीएसएक्स २००० क्रमांकाची गाडी ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. साठच्या दशकातल्या अस्सल कोब्रांची संख्या हजाराच्या आसपास आहे, ती आता वाढणार नाही, म्हणून भाव वाढतात. त्याखालची पायरी मूळ कंपनीनेच पुन्हा बनवलेल्या गाड्यांची. १९५७ साली जॅग्वारच्या कारखान्याला लागलेल्या आगीत नऊ एक्सकेएसएस गाड्या जळाल्या होत्या. तेवढ्याच नऊ गाड्या नव्याने बांधण्याचे कंपनीने २०१६ साली जाहीर केले, आणि प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांच्या वर होती. त्याही खाली सुपरफॉर्मन्स येते, जिच्या कोब्रा शेल्बीच्या परवान्याने दक्षिण आफ्रिकेत बनतात. आणि सगळ्यांत खाली अमेरिकेतल्या फॅक्टरी फाइव्हसारख्या कंपन्यांचे सुटे संच येतात, जे ग्राहक आपल्या गॅरेजात जोडतो. या शेवटच्या पायरीवर आल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसते : एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन संचांपासून बनलेल्या गाड्यांच्या किमतींत मोठी तफावत असते, कारण एक कोणीतरी जीव ओतून, प्रत्येक बोल्टाची पावती जपून बांधलेली असते आणि दुसरी उरकलेली असते. म्हणजे मॉडेलचे नाव तेच राहिले तरी पैसे मिळतात ते बांधणाऱ्याच्या हाताला आणि त्याने जपलेल्या कागदाला.

परदेशातून अशी चांगल्या हातची गाडी मागवावी असा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडून द्यावा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि सुकाणू उजवीकडे असावे लागते. शिवाय त्यावरची जकात आपल्या वीस लाखांना परवडणारी नाही.

आता तीन गाड्यांकडे वळू. कोब्राचा निकाल दोन वाक्यांत लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेली रचना यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एसयूव्हीच्या आरसीवर कोब्राचे शरीर चढवणे हा त्या कलमाचा वस्तुपाठ आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एसयूव्हीची उंच शिडीवजा चौकट आणि तिच्यावर उभे राहणारे डिझेल इंजिन यांच्यावर बसवलेली गाडी कोब्रासारखी दिसावी म्हणून बॉनेटला कुबड काढावे लागते, आणि बसणारा माणूस गाडीत बसल्यासारखा न दिसता गाडीवर बसल्यासारखा दिसतो. आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर सौम्य शब्दांत पण लगेच परत मागा.

स्पीडस्टरबद्दल मात्र मन थोडे घोटाळते, कारण कल्पना सुंदर आहे. १९५४ साली अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून पोर्शेने ही गाडी काढली ती मुळात स्वस्त गाडी म्हणून : खिडक्यांना वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, समोरची काच बुटकी, छत नावापुरते, किंमत २,९९५ डॉलर. पोर्शे ३५६ चा वंश फोक्सवॅगन बीटलपासूनच निघालेला असल्यामुळे, मागे बसवलेले हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन हे दोन्ही गाड्यांत सारख्याच स्वभावाचे आहे. म्हणून बीटलच्या तळावर फायबरची स्पीडस्टर बसवण्याची पद्धत अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये रूढ झाली, आणि चालवताना तिचा आवाज खोटा वाटत नाही. अडचण आहे ती मापात. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,४०० मिलिमीटर, पोर्शेचे २,१००. म्हणजे बीटलचा तळ मधोमध कापून जवळजवळ एक फुटाचा तुकडा काढून टाकावा लागतो आणि दोन्ही अर्धे पुन्हा जोडावे लागतात. अख्ख्या गाडीचा जीव त्या एका आडव्या वेल्डिंगमध्ये असतो, आणि ते वेल्डिंग सतरंजीखाली झाकलेले असते.

विक्रेत्याच्या व्हिंटेज नंबरच्या आश्वासनाला काही अर्थ नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असता कामा नये, ही अट त्याच नियमात आहे. जिचा तळ कापला आणि शरीर बदलले ती १९६८ ची बीटल या अटीत कुठे बसते, हे विक्रेत्याला विचारून पाहा. आरसीवर बॉडीचा प्रकार 'सलून', म्हणजे बंद छताची गाडी, असा लिहिलेला असेल आणि समोर दोन आसनांची उघडी गाडी उभी असेल, तर कलम ५२ चा प्रश्न इथेही तोच. शिवाय गोव्याची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर ना-हरकत प्रमाणपत्र आणून, इथला कर भरून एमएच-०८ चा नंबर घ्यावा लागेल, आणि त्या वेळी रत्नागिरीच्या आरटीओतला निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहणार. मागच्या आसनाखाली, तळाच्या मधोमध लांबीत जाणाऱ्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर, बीटलचा चेसिस क्रमांक ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसीशी अक्षरशः ताडून पाहा. ठसा अंधुक असेल किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर पुढचे काहीही पाहण्याची गरज नाही.

आपल्या घराचा विचार करता आणखी एक गोष्ट. बीटलच्या इंजिनाचा खोका मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. खाऱ्या हवेत मॅग्नेशियम किती लवकर खाल्ले जाते आणि जहाजाच्या सुकाणूजवळ झिंकचे ठोकळे का लावतात, हे आपल्याला मी सांगायला नको. त्यात आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे झाले आहे; जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात, चिरतात, आणि मागे इंजिनावर पेट्रोल ठिबकले की पुढचे सांगायला नको. नळ्या बदलणे हे दोन-चार हजारांचे काम आहे, तेव्हा हा दोष गाडी नाकारण्याजोगा नाही. पण विक्रेत्याने त्या बदलल्या आहेत की नाहीत, यावरून त्याने बाकीची गाडी कशी ठेवली असेल याचा अंदाज येतो.

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो, म्हणजे मी एवढा चौकटीच्या मागे का लागतो ते कळेल. पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्रासोबत भागीत मी एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी एक गाडी घेतली होती. बाहेरून ती इतकी चकचकीत होती की आम्ही दोघे तिच्याखाली वाकून पाहायला विसरलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चालवणाऱ्याचे आसन एका बाजूला कलू लागले. आसनाखालची लोखंडी नळी बाहेरून काळ्या रंगाने तुळतुळीत होती. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बांधणाऱ्याने चौकोनी नळ्यांची तोंडे बंदच केली नव्हती. दमट हवा आत शिरत राहिली, रात्री तिचे पाणी झाले आणि नळी आतून बाहेर कुजत आली, तेव्हा बाहेरचा रंग सर्वांत शेवटी गेला. फायबरच्या गाडीला गंज लागत नाही असे विकणारा सांगतो ते खरेच असते, कारण तो फक्त फायबरबद्दल बोलत असतो.

राहिली रोडस्टर. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर बनवलेली रोडस्टर १.८ एस, हीच आपण पाहत असाल असे गृहीत धरतो. फायबरचे शरीर आणि इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन ही तिची ओळख. इसुझूची १.८ लिटरची इंजिने आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि कॉन्टेसा यांत होती, त्यामुळे त्यांच्या अंगाची माहिती असलेला मेकॅनिक चिपळूण-रत्नागिरीत सापडणे अशक्य नाही, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. जी गाडी दुरुस्तीसाठी ट्रकवर घालून दीडशे-दोनशे किलोमीटर न्यावी लागते, ती पहिल्या वर्षी कौतुकाची असते आणि तिसऱ्या वर्षी पडवीतली अडगळ होते.

दर्जाच्या बाबतीत या जातीला एक जन्मजात फायदा आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन काढली, तेव्हा इंग्लंडमध्ये पूर्ण गाडीवर लागणारा खरेदी कर चुकवण्यासाठी ती सुट्या संचाच्या रूपानेही विकली जात असे. नळ्यांची जाळीवजा चौकट, वर पत्रे, बाहेरच्यांकडून घेतलेले इंजिन, आणि घरी जोडणारा मालक, हेच मुळात तिचे रूप. १९७३ साली केटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि आजही ती तशीच बनते. म्हणून सेव्हनच्या धर्तीची गाडी नव्याने बांधताना काही लपवावे लागत नाही. दुसऱ्याच्या तळाला कात्री लावावी लागत नाही की दुसऱ्याच्या चेसिस क्रमांकावर जगावे लागत नाही. आपण मात्र आरसीची प्रत मागवून उत्पादकाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी पाहा. तिथे बनवणाऱ्या कंपनीचेच नाव, बनवल्याचे खरे वर्ष आणि तेच इंजिन असेल, तर पुढे ज्याला ही गाडी विकाल त्यालाही कर्ज, विमा आणि नावावर करणे सोपे जाईल, आणि मघाशी म्हटलेला 'बराचसा भाग परत' हा त्या एका रकान्यावर अवलंबून आहे. तिथे दुसऱ्याच एखाद्या गाडीचे नाव निघाले, तर माझे हे सर्व कौतुक मी मागे घेतो. नोंदणीला पंधरा वर्षे झाली असतील तर नूतनीकरण झाले आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, हेही त्याच कागदांत दिसेल.

पाहायला जाल तेव्हा मोटार मेकॅनिकबरोबर आणखी एक माणूस न्या, ज्याचा सल्ला गाडीच्या बाबतीत सहसा कोणी घेत नाही : फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कारागीर. असगोली-वेलदूरच्या बाजूला आपल्याला तो सहज मिळेल. काचतंतूंचा मॅट, तो घट्ट धरणारे रेझिन आणि वरचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट यांच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो, आणि शहरातल्या नामांकित तज्ज्ञालाही जे दिसत नाही ते त्याच्या बोटांना कळते. त्याला रुपयाचे नाणे द्या आणि सगळ्या अंगावर ठोकत जायला सांगा. जिथे टणक आवाज येतो तिथे थर एकमेकांना धरून आहेत. जिथे बद्द येतो तिथे थर सुटलेले आहेत किंवा खाली पुट्टी भरून जुना अपघात लपवला आहे. बिजागऱ्यांच्या आणि दिव्यांच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर त्या जेलकोटपुरत्याच आहेत की आत उतरल्या आहेत, ते तो नखाने सांगेल. मडगार्डच्या आतल्या, कोणी न रंगवलेल्या बाजूवर हात फिरवायला लावा : तिथे पांढरे कोरडे तंतू हाताला टोचत असतील तर बांधताना रेझिनमध्ये काटकसर झाली आहे, आणि अशा जागी दोन पावसाळ्यांत पाणी मुरते.

तोवर आपण गाडीखाली जा. जहाजाच्या तळघरात आयुष्य काढलेल्या माणसाला टॉर्च कुठे मारायचा हे शिकवावे लागत नाही, म्हणून एवढेच सांगतो की नळ्यांची तोंडे बंद आहेत का, पाणी निघून जायला तळाशी छिद्रे आहेत का, आणि जिथे अॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी नळीला रिव्हेटने टेकतो तिथे मध्ये दोन धातूंना वेगळे ठेवणारा काही थर लावला आहे का की पांढरी भुकटी सुटू लागली आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय वर येऊ नका. वेल्डिंगचे टाके समान जाडीचे आहेत की कुठे थुंकल्यासारखे गोळे आहेत, हे तर आपल्या सवयीचेच काम. चौकट चांगली निघाली तर बाकी सर्व दुरुस्त होते. रंग, आसने, दिवे यांच्यावरून भाव पाडून घ्यावा, निर्णय घेऊ नये.

विम्याचा एक तपशील बहुतेकांना दावा करतानाच कळतो. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा धरला जातो, म्हणजे ज्या गाडीचे शरीरच फायबरचे आहे तिच्या प्रत्येक दाव्यात जवळजवळ तेवढी रक्कम आपल्या खिशातून जाते. झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापण्याचे, जादा कलम जुन्या गाडीला मिळणे कठीण. शिवाय पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. तेव्हा सौदा पक्का करण्याआधी विमा कंपनीकडून ती किंमत लेखी घ्या, आणि विक्रेत्याच्या मागणीशी तुलना करा. दोहोंत मोठी दरी असेल तर बोलणीत तोच कागद पुढे ठेवावा.

आपले बजेट वीस लाख आहे म्हणून वीस लाखांची गाडी घेऊ नका. मी आपल्या जागी असतो तर त्यातले तीन-चार लाख बाजूला काढून चौकट खरवडून पुन्हा रंगवणे, नळ्यांत मेण फवारणे, सगळ्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या बदलणे, आणि वाडीत जांभ्याची, वारा खेळता राहील अशी एक शेड बांधणे यासाठी ठेवले असते. जून ते सप्टेंबर ही गाडी बाहेर काढायची नाही, हे धरून चाला. निळ्या प्लास्टिकखाली गुंडाळून ठेवली तर उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट, कारण आतली वाफ आतच राहते. बॅटरी काढून घरात ठेवा आणि वायरिंगजवळ उंदरांचा बंदोबस्त करा.

सौदा जमला, गाडी अलिबागच्या बाजूलाच असली आणि ती चालवत घरी आणायची हौस झाली, तर किनाऱ्याने येऊ शकता : आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी आणि शेवटी दाभोळ-धोपावे अशा तीन फेरीबोटी लागतील. सेव्हनचे पोट जमिनीपासून फार वर नसते आणि ओहोटीला जेटीवरून बोटीच्या फळीवर चढण्याचा कोन जास्त होतो, तेव्हा तिन्ही ठिकाणच्या भरतीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून निघा. बोटीवर गाडी पुढच्या रांगेत लावू नका, तिथे लाटांचे तुषार थेट बॉनेटवर येतात. आणि घरी पोहोचल्यावर चहा घेण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या.